पहिली घिरटी

बावड्यात माझी एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांना ठाऊक आहे. चहाच्या टपरीवर परगावचं कुणी बसलेलं असलं आणि मी समोरून गेलो, की मागून ऐकू येतं — हेच ते ड्रोनवाले फौजी, ह्यांनी परदेशात एका जवानाचा जीव वाचवला. ती गोष्ट खोटी नाही. पण मी ती जिथून सांगायला लागतो, तिथून ती सुरू होत नाही. तिचा आधीचा भाग मी आईला सांगितलेला नाही, बायकोला नाही, पलटणीतल्या एकाही माणसाला नाही. ज्याला सांगायला हवा होता त्याला तर नाहीच — आणि त्यानं मला तोंडावर विचारलं होतं.

आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का, ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

आधी मी कोण ते सांगतो — म्हणजे पुढचं तेवढंच जरा लांबतं.

मी दत्ता. घरचा ऊस, नीरेच्या पाण्यावरचा. बारावी झाली आणि भरतीला गेलो, पायदळात लागलो. पलटणीचं नाव लिहीत नाही, आणि ज्या देशात हे घडलं त्याचंही लिहीत नाही. फौजेत राहिलेल्या माणसाची सवय समजा. नोकरीची पहिली वर्षं रायफल घेऊन डोंगर चढण्याउतरण्यात गेली. मग एक दिवस पलटणीत एक पेटी आली. आत घडी घालून ठेवलेलं, चार पंख्यांचं, ताटाएवढं ड्रोन होतं. कोण शिकणार, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी पुढं झालो. का झालो कुणास ठाऊक. पण माझा हात हलका आहे हे तिथं कळलं. ज्या यंत्रानं बाकीच्यांना रडवलं, ते माझ्याकडं दोन दिवसांत शहाण्या बैलासारखं चालायला लागलं.

आम्हाला शिकवणारे सुभेदार एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे. पूर्वी टेकडीपलीकडं काय आहे ते बघायला माणूस पाठवावा लागायचा, आणि तो कधीकधी परत यायचा नाही. आता आधी हे पाखरू जातं. ते खेळण्यासाठी नाही, आपला माणूस परत यावा म्हणून आहे. हे मी नंतर कित्येक नव्या जवानांना जसंच्या तसं शिकवलं. तोंडपाठ होतं मला.

त्यानंतर काही वर्षांनी संयुक्त सरावासाठी आमच्या तुकडीची निवड झाली. परदेशातली फौज आणि आपली, दोघांनी मिळून काही आठवडे एकत्र राहायचं, एकमेकांचं बघून शिकायचं. निघायच्या आधी साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की तिथं तुम्ही दत्ता, किसन, बलविंदर नाही, तिथं तुम्ही देश आहात. एकाची चूक सगळ्यांच्या माथी येईल. मी पहिल्यांदाच देशाबाहेर जात होतो. मंगलनं — माझ्या बायकोनं — पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरून दिली, तिथं काय खायला मिळेल कुणास ठाऊक म्हणून. हवालदारकीचा कोर्स माझ्या समोर होता. ह्या सरावातनं चांगला शेरा घेऊन आलो की तो पक्का, असं सगळे म्हणत होते.

तो देश म्हणजे नुसतं गवत. झाड शोधूनही सापडत नाही. लांबवर उघडे डोंगर, आणि वारा — आपल्याकडं वारा येतो आणि जातो, तिथं तो राहायलाच असतो. उन्हाळा होता तरी सकाळी हात बधिर व्हायचे.

ड्रोन चालवायला दोघादोघांच्या जोड्या केल्या होत्या, एक आमचा, एक त्यांचा. माझ्या जोडीला जो आला त्याचं नाव गानबातर. आमच्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा गणबा केला. गोल चेहरा, वाऱ्यानं लाल झालेले गाल, आणि लहानपणापासून घोड्यावर बसून कमानीसारखे झालेले पाय. त्याला मोडकं इंग्रजी यायचं, आमच्याकडून उचललेली चार हिंदी वाक्यं यायची, आणि उरलेलं तो हातानं बोलायचा. तो मला मीठ घातलेला दुधाचा चहा पाजायचा. मी त्याला चटणी चाखायला दिली तर डोळ्यांतून पाणी काढून पुन्हा हात पुढं केला. शेवटी शेवटी ती पिशवी त्याच्याच खिशात असायची.

त्यानं मला एक गोष्ट शिकवली ती अजून माझ्या कामाला येते. वारा ड्रोनला लागायच्या आधी गवताला लागतो, म्हणून पडद्याकडं बघायच्या आधी गवताकडं बघ. मी पुस्तकातनं शिकलेला, तो वाऱ्यातनं. तो माझ्यापेक्षा चांगला उडवायचा. हे मी आज इतक्या सहज लिहिलं — तेव्हा मला ते कबूल करता येत नव्हतं. एकदा दोन्हीकडच्या साहेबांसमोर वाऱ्यात एका पेटीवर ड्रोन उतरवायचं होतं. माझं पेटीच्या कडेला लागून कलंडलं. त्याचं पाखरू फांदीवर बसावं तसं बसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, मी हसलो. आत मात्र काहीतरी टोचत राहिलं. माणसावर माया असते आणि त्याच माणसाचा हेवाही वाटतो, दोन्ही एकाच छातीत — तुमचं कधी झालंय का असं?

शेवटच्या दिवशी सरावाचा मोठा भाग होता. जोड्या फोडल्या होत्या. गणबाच्या गटानं डोंगरात लपायचं, आमच्या गटानं त्यांना शोधायचं. हद्द ठरलेली होती. डोंगराच्या धारेवर दगडांची एक रास होती, तिच्यावर तिथल्या लोकांनी निळी कापडं बांधलेली. त्या राशीपलीकडं ड्रोन न्यायचं नाही. पलीकडच्या उतारावर मेंढपाळांचे तंबू होते, त्यांच्या बायकापोरांवरनं परक्या फौजेचा कॅमेरा फिरायला नको, असं त्यांच्या साहेबांनी मुद्दाम सांगितलं होतं. आमच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन तेच पुन्हा सांगितलं. मी हो म्हणालो.

दुपारपर्यंत मी बाकीचे सगळे शोधून दिले. गणबा तेवढा सापडेना. साहेब म्हणाले, एक राहिला तर राहू दे. पण मला तोच हवा होता. आभाळ काळं होत आलं होतं, गवत आडवं पडायला लागलं होतं. म्हणजे त्यानंच शिकवल्याप्रमाणं ड्रोन खाली घ्यायची वेळ झाली होती. आणि मी ते धारेपलीकडं नेलं. जरासंच. कोण बघतंय?

पलीकडं एक घळ होती. मी तिच्यावर एक घिरटी घातली. आमच्या ड्रोनला उष्णतेचा कॅमेरा असतो, त्यात गार ते काळं दिसतं, गरम ते पांढरं. त्या काळ्या घळीत एक पांढरा माणूस पडलेला दिसला. निपचित पडलेला. मला वाटलं, लपलाय बेटा. तेवढ्यात वाऱ्याचा इशारा वाजायला लागला आणि मी ड्रोन वळवून परत आणलं.

साहेबांनी विचारलं, काही दिसलं का?

मी म्हणालो, “नाही साहेब.”

दिसला म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, कुठं. आणि त्याचं उत्तर हद्दीपलीकडं होतं.

मग गारा सुरू झाल्या. गारा, मग गारांतच बर्फाचं पाणी. सराव थांबवल्याचा इशारा झाला, सगळे छावणीत परतले. लपायला गेलेले एकेक करून आले, भिजलेले, हसत. मोजणी झाली. गणबा नव्हता.

आता बघा. आता सराव संपला होता. आता ती चूक म्हणजे फार तर चार बोलणी, एक शेरा. मी दोन पावलं पुढं होऊन एवढंच म्हणायचं होतं — साहेब, मी हद्द ओलांडली, तो पलीकडच्या घळीत आहे. वाक्य तयार होतं. तोंडात होतं. समोर आमचे साहेब, शेजारी त्यांचे साहेब, दोघं नकाशावर वाकलेले. मला वाटलं, थांबावं जरा, येईल तो पायानं चालत. मग वाटलं, आता इतका वेळ गेल्यावर कसं सांगू? जितका वेळ जाईल तितकं ते वाक्य जड होत गेलं. शोधायला माणसं निघाली ती सगळी धारेच्या अलीकडं. कारण अलीकडंच तो असायला हवा होता. गारांत, चिखलात माझेच सोबती त्याला हाका मारत फिरत होते, आणि तो कुठं आहे हे ठाऊक असलेला एकटा मी तंबूत ड्रोन मांडीवर घेऊन त्याचे पंखे पुसत बसलो होतो. किसन आत आला, माझा चेहरा बघून म्हणाला, मिळंल रं तुझा दोस्त, काळजी नको करू. काळजी खरीच होती. नुसत्या काळजीनं काय होतं?

तिथं उन्हाळ्यात उजेड फार उशिरापर्यंत टिकतो. संध्याकाळी वारा पडला. तेव्हा मी साहेबांकडं गेलो आणि म्हणालो, परवानगी असेल तर धारेपलीकडं एकदा बघू का? साहेबांनी त्यांच्या साहेबांना विचारलं. त्यांनी लगेच मान हलवली. मी ड्रोन उडवलं आणि थेट घळीवर नेलं. पांढरा ठिपका तिथंच होता, दुपारपेक्षा फिकट.

शेजारी उभे असलेले सगळे ओरडले. कुणीतरी मला उचललं.

तो दगडावरून घसरून घळीत पडला होता आणि त्याचा पाय दोन धोंड्यांच्या मध्ये अडकला होता, वाहत्या गार पाण्यात. छावणीपासून ती जागा किती लांब असावी? आमच्या घरापासून मळा आहे, तेवढीच. दुपारी दोन माणसं निघाली असती तर गारा जोर धरायच्या आधी पोचली असती.

पाय वाचला नाही. घोट्याच्या वर कापावा लागला. त्यांचे डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी दाराशी उभा होतो. रक्त फार वेळ अडून राहिलं, थोडा आधी मिळाला असता तर, असं काहीसं ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, असंच, हातमोजे काढता काढता. मला ते इंग्रजी पूर्ण समजलं.

पुढचं सगळं बावड्याला ठाऊक आहे. त्यांच्या मोठ्या साहेबांनी दोन्ही हातांवर निळं रेशमी वस्त्र घेऊन ते मला दिलं. तिकडं तो मोठा मान असतो. गणबाची आई लांबून कुठून तरी आली होती. ठेंगणी, त्याच्यासारखेच लाल गाल. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि माझ्या एका गालाचा वास घेतला, मग दुसऱ्याचा. त्यांच्यात लेकराला असं हुंगतात. मी ताठ उभा राहिलो, परेडला उभं राहावं तसा.

गावी आलो तर चौकात फ्लेक्स लागला होता. गॉगल घातलेला माझा फोटो, आणि वर विमानाएवढं ड्रोन. सत्कार झाला, फेटा बांधला, शाल दिली. बोला म्हणून माईक हातात दिला. मी एवढंच म्हणालो, मी काही विशेष केलेलं नाही. आयुष्यात इतकं खरं मी कधी बोललो नसेन, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती नम्र पोरगा, म्हणाले. कोर्सही झाला. हवालदार झालो. पेन्शन घेऊन घरी आलो आणि औषध फवारायचं मोठं ड्रोन घेतलं. आता बावड्यापासून इकडं इंदापूरपर्यंत लोकांच्या उसावर, डाळिंबांवर फवारणी करत फिरतो. मजेत आहे, कुणी विचारलं तर असंच सांगतो.

मी अजून नोकरीत होतो तेव्हा गणबा भारतात आला. दोन्ही फौजांच्या मैत्रीतनं त्याला पुण्याला कृत्रिम पाय बसवायला पाठवलं होतं. पाय बसवून, चालायचा सराव होऊन त्याला सुट्टी मिळाली तेव्हा मी रजेवर होतो. मी गाडी घेऊन गेलो आणि त्याला घरी आणलं. न आणून कसं चाललं असतं? सगळं गाव विचारत होतं.

आईला त्याची भाषा येत नव्हती, त्याला आईची. काही अडलं नाही. ती त्याच्याशी सरळ मराठीत बोलायची, तो तिला त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा, आणि दोघं माना हलवायचे. तिनं त्याला बाजरीची भाकरी कुस्करून दूध घालून दिली, तशी तो ताट उचलून प्यायला. संध्याकाळी त्यानं पाय काढून ठेवला की ती खोबरेल कोमट करून आणायची आणि त्याच्या तुटलेल्या पायाला चोळत बसायची. पहिल्या दिवशी तो लाजला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच पाय पुढं केला.

मी ओसरीच्या कडेला बसलेलो असायचो. एकदा चोळता चोळता ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, “दत्ता, ह्यो तुला घावला तवा लई येळ झाला हुता का रं?”

“व्हय,” मी म्हणालो.

“गार पाण्यात लेकरू येकटंच,” ती म्हणाली. मग त्याच्याकडं वळून, “गणबा, आता न्हाय दुखायचं हां.” आणि पुन्हा चोळायला लागली.

मी उठून गोठ्याकडं गेलो. तिथं काही काम नव्हतं.

त्याला आमचा ऊस आवडला नाही. म्हणजे गोड लागला, पण उसात उभा राहिला की त्याला कोंडल्यासारखं व्हायचं. सगळीकडं भिंती, असं तो म्हणायचा. मंगलचं माहेर पिंपळीला. तिथं दोन दिवस राहिलो. सासऱ्यांच्या मळ्यात तो फ्लॉवरच्या गड्ड्यांतून काठी टेकत हिंडला, सगळ्यांबरोबर बसून बारामतीच्या बाजाराला जायची वांगी निवडली. पण लांबचं बघायची त्याची सवय, त्याचे डोळे सारखे काहीतरी शोधत राहायचे. मंगलच म्हणाली, अवो, ह्यांना सुप्याला घेऊन जावा की, तितल्या माळावर.

म्हणून सकाळीच निघालो. सुप्याकडं बागायत सुटत जाते आणि मग उघडा माळ लागतो, वाळलेलं गवत, मध्ये एखादी बोर, आणि नशीब असलं तर चिंकारा. गणबा गाडीतून उतरला आणि काठी टेकत गवतात थोडा आत गेला. मग खाली बसला, गवताची काडी मोडली, हुंगली. म्हणाला, इथला वास वेगळा आहे, पण आवाज तोच आहे. वाऱ्याचा आवाज म्हणायचं होतं त्याला. लांबवर दोन हरणं मान वर करून आमच्याकडं बघत होती. त्याला ती माझ्या आधी दिसली.

आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी डब्यातली भाकरी काढली, चटणी काढली. तो हसला. आणि खाता खाता, अगदी साध्या आवाजात, मोडक्या हिंदीत म्हणाला, “दत्ता, त्या दिवशी तू दोनदा आला होतास.”

मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

तो सांगत राहिला. पाय अडकला, ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा वर पंख्यांचा आवाज आला. तो आवाज तो ओळखायचा, माझं ड्रोन वळताना जरा किरकिरायचं. त्यानं हात वर करून हलवला. मग ड्रोन निघून गेलं आणि गारा सुरू झाल्या. त्याला झोप यायला लागली. अशा गारठ्यात झोपलेला माणूस उठत नाही, हे त्याला घोडे राखताना लहानपणीच शिकवलेलं. म्हणून तो स्वतःला सांगत राहिला, दत्तानं बघितलंय, आता येतील. आता येतील, आता येतील. तेवढ्यावर तो जागा राहिला.

“पहिल्यांदा मी तुला दिसलो नव्हतो ना?” त्यानं विचारलं.

बघा, कसं विचारलं त्यानं. उत्तर त्यानंच माझ्या हातात ठेवलं होतं. मी फक्त ते घ्यायला नको होतं. माळावर आम्ही दोघंच होतो. ना साहेब, ना कोर्स, ना शेरा. आता मला कुणाची भीती होती? त्याचा चेहरा माझ्याकडं वळलेला, गालाला चटणीचा कण लागलेला, डोळ्यांत कसलाही संशय नाही. आणि मला त्या चेहऱ्यावरची माया सोडवेना. एवढंच होतं ते. मी त्याचा पाय घेतला होता, आणि आता त्याची मायाही मलाच हवी होती.

“नाही,” मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. वर आणखी म्हणालो, “गारांनी पडदा धूसर झाला होता.”

गारा नंतर सुरू झाल्या होत्या. हे त्यानं आत्ताच सांगितलं होतं. त्याच्या ध्यानात आलं का? मला माहीत नाही. त्यानं थोडा वेळ हरणांकडं बघितलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, चूक माझीच होती, मी हद्दीपलीकडं लपायला गेलो होतो, तू मनाला लावून घेऊ नकोस. तो माझं सांत्वन करत होता. मी मान खाली घालून भाकरी खाल्ली. ती संपवली.

तो परत जायला निघाला तेव्हा आईनं त्याला शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले आणि त्याच्या आईसाठी एक लुगडं. ती ते कसं नेसणार, ह्याचा तिनं विचार केला नव्हता. गाडीत बसायच्या आधी त्यानं आईच्या दोन्ही गालांचा वास घेतला. ती गोंधळली, मग डोळ्याला पदर लावला. मग तो माझ्याकडं आला आणि माझ्याही गालांचा.

आई आता नाही. आजारात शेवटी शेवटी ती विचारायची, गणबाचा फोन आला का. तिला मी सांगू शकलो असतो. तिनं काय केलं असतं? बहुतेक काही नाही. माझ्याकडं नुसतं बघितलं असतं. ते मला नको होतं.

गणबानं फौज सोडली. आता तो त्यांच्या भागातल्या तरुण मुलामुलींना छोटी ड्रोन चालवायला शिकवतो, हिवाळ्यात वादळात हरवलेली जनावरं आणि माणसं शोधण्यासाठी. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागं त्याचे विद्यार्थी बसले होते, जाड कोट घालून. त्यानं मला त्यांच्यासमोर धरलं आणि त्यांच्या भाषेत बरंच काही सांगितलं, त्यात माझं नाव आलं, बावडा आलं. मग मला सांगितलं की मी ह्यांना नेहमी तुझी गोष्ट सांगतो. एका मुलीनं काहीतरी विचारलं. त्यानं ते मला समजावून सांगितलं — पहिल्या वेळी माणूस दिसला नाही तर काय करायचं, हे ती विचारतेय. तू सांग.

मी सांगितलं, पुन्हा जायचं. त्यानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या मुलीनं मान हलवली.

आता राहिलं ते सांगतो. मघाशी मी तुम्हालाही खोटं सांगितलं. म्हणालो की घळीतला माणूस निपचित पडला होता आणि मला वाटलं तो लपलाय. इतकी वर्षं मी स्वतःलाही तसंच सांगत आलोय, त्यामुळं लिहिताना ते आपोआप तसंच उतरलं. तसं नव्हतं. तो पडलेला होता, पण निपचित नव्हता. पांढरा हात वर आला, डावीउजवीकडं हलला, खाली पडला आणि पुन्हा वर आला. लपलेला माणूस हात हलवत नाही. हे मला तिथल्या तिथं कळलं होतं. पडदा स्वच्छ होता. गारा सुरू व्हायच्या होत्या. मी तो हात दोनदा वर आलेला पाहिला, आणि ड्रोन वळवलं.